आईचं शटडाऊन

आमच्या बाबांना म्हातारं म्हटलेलं चालतं, त्यांच्या गाडीला म्हटलेलं खपत नाही. रिसालीतल्या आमच्या घरी ती जुनी गाडी वर्षभराहून जास्त कव्हरखाली उभी होती. एकदा चालवताना बाबांची साखर एकदम उतरली, गाडी दुभाजकाला घासली, आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावलं. स्टील प्लांटच्या मेकॅनिकल विभागात हयात गेलेल्या माणसाला भाजी आणायलाही ऑटो बोलवावी लागायची. उरलेला वेळ ते टीव्हीतल्या ड्रायव्हरांच्या चुका काढण्यात घालवायचे. मला ते बघवत नसे.

मी दिवाळीला घरी आले त्याच आठवड्यात डॉक्टरांनी परवानगी दिली. बाबांनी रिपोर्ट फ्रिजवर टाकला आणि थेट गाडीचं कव्हर ओढलं. भाऊबीजेला पद्मनाभपूरला आत्याकडे स्वतः चालवत जायचं, असं त्यांनी जाहीर केलं. आई नुसतं "हं" म्हणाली आणि आत गेली.

पाडव्याच्या सकाळी नवी बॅटरी बसली. बाबांनी किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरला, पण इंजिन काही उचलेना.

शेजारचे काका लगेच हजर झाले. तेही प्लांटमधूनच रिटायर झालेले, पण इलेक्ट्रिकलचे. प्लांटमध्ये काही बंद पडलं की मेकॅनिकलवाले म्हणणार फॉल्ट इलेक्ट्रिकलचा, इलेक्ट्रिकलवाले म्हणणार मेकॅनिकलचा. हे दोघं रिटायर झाले, त्यांचं भांडण काही रिटायर झालं नाही.

"भाऊ, पेट्रोल सडलं तुमचं," काका म्हणाले. "मेकॅनिकलचा मामला आहे."

"जुनं काढून नवीन भरलं मी. तुमचा करंटच येऊन नाही राहिला."

मग प्लग काढून इंजिनला टेकवला आणि मला किल्ली फिरवायला बसवलं. निळी ठिणगी उडाली. "इलेक्ट्रिकल ओके!" काका असे ओरडले की जणू ती ठिणगी त्यांचीच लेक. बाबांनी प्लग नाकाशी नेला. तो कोरडा ठाक होता, पेट्रोलचा वाससुद्धा नाही.

"म्हणजे पेट्रोल वर चढूनच नाही राहिलं," बाबा म्हणाले. "चूप राहा सारे. किल्ली नुसती ऑन कर." मागच्या सीटला कान लावून ते बसले. "पंपाचा आवाज कावून नाही येत?"

"पंप म्हणजे टाकी उतरवा लागते," काका घाईघाईनं म्हणाले. "उद्या पाहू ना भाऊ. चला, चाय घेऊ."

"पंप करंटवर चालते. आधी फ्यूज पाहतो मी."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. इलेक्ट्रिकलचा माणूस आणि फ्यूज बघायला नको म्हणतो?

बाबा डॅशबोर्डखाली वाकले, मी टॉर्च धरला. फ्यूजच्या डब्यात एक खाच रिकामी होती. आणि शेजारच्या वायरीला पूजेचा लाल नाडा बांधलेला होता, चांगली पक्की गाठ मारून.

बाबा हळूच उठून बसले. "हा टॅग कोणाचा?"

हा नियम आम्ही लहानपणी वरणभाताबरोबर गिळलाय. प्लांटमध्ये मशीनवर काम करणारा आधी शटडाऊन घेतो, म्हणजे तिचा करंट तोडायला लावतो. काढलेला फ्यूज त्याच्या खिशात, लाल टॅग मशीनवर. तो स्वतः टॅग काढत नाही तोवर मशीन चालू करायची नाही, मग मोठा साहेब का येईना.

"माझा," दारातून आई म्हणाली.

काका बोनेटवरची धूळ न्याहाळू लागले. "वहिनीनं मागितला, मी काढून देल्ला. शटडाऊन वहिनीचं, मी कसा बोलू? नियम आहे भाऊ."

"आन् सकाळपासून मले नाचवून राहिले दोघं!" बाबा खवळले. "डॉक्टरनं हो म्हटलं ना आता!"

"डॉक्टर नव्हता त्या गाडीत. मी होती." आईचा आवाज एकदम बारीक झाला. "गाडी घासली तेवढंच तुमाले आठवते. त्याच्यानंतर तुमी माह्याकडे पाहून विचारलं, बाई, तुमाले कुठं जायचं आहे? मले ओळखलं नाही तुमी."

हे आईनं कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबा हातातला पाना पुसत राहिले. तो आधीच स्वच्छ होता.

"मले कावून नाही सांगितलं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तुमाले वाईट वाटलं असतं."

ती आत गेली आणि देवघरातली कोयरी घेऊन आली. कुंकवात नखाएवढा निळा फ्यूज होता. आयुष्यात पहिल्यांदा ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि वाकून तिनं नाडा सोडला. फ्यूज काकांनी बसवला. किल्ली ऑन करताच मागच्या सीटखाली पंप गुणगुणला, आणि दुसऱ्या झटक्यात इंजिन धूर सोडत सुरू झालं. काका उदार झाले. "मेकॅनिकल ओके," म्हणाले.

भाऊबीजेला बाबांनी पद्मनाभपूरपर्यंत गाडी अशी चालवली की सायकलवाले मागून घंटी वाजवत होते. आई शेजारी, साखर उतरलीच तर म्हणून मांडीवर चिक्कीचा डबा. पहिल्या सिग्नलला तिनं विचारलं, "मी कोण?"

"कोण म्हंजे? बायको माही."

पुढच्या सिग्नलला पुन्हा, "मी कोण?"

"अजून तेच!"

मागे मी हसून हसून बेजार. आत्याकडे पोचेपर्यंत ते दोघंही हसत होते.

परत आल्यावर बाबांनी गाडी लावली, पण ते उतरले नाहीत. डॅशबोर्डखाली वाकून त्यांनी फ्यूज ओढून काढला आणि आईच्या हातावर ठेवला.

"ठेव तुझ्यापाशी," ते म्हणाले. "उद्या मागतो."