झिंगीची सुई बंद

मुखरू दिघोऱ्याच्या मांजरीला साखरेचा आजार झाला, ही बातमी पसरली तेव्हा सगळं गाव आधी हसलं. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरची मांजर, दारापुढे तलाव, आणि तिला रोग कोणता, तर पैसेवाल्यांचा! पण हसणाऱ्यांना झिंगीचा खुराक ठाऊक नव्हता. मुखरूची बायको कमळा हिने तिला चहात बुडवलेल्या बिस्किटांवर वाढवलं होतं. त्यावर दूधभात, आणि दूधभातावर पुन्हा बिस्किट. ताज्या मासळीकडे झिंगी रुसलेल्या जावयासारखी बघायची आणि तोंड फिरवायची.

कमळा स्वतः साखरेची रोगी. मुखरूने कित्येक वर्षं तिच्या पोटात सुई टोचली, बोटातलं रक्त काढून यंत्रावर साखर बघितली. जाळं विणणारे त्याचे हात या कामातही सरावले होते. कमळा गेली आणि पुढच्या पावसाळ्यात झिंगी घटाघटा पाणी प्यायला लागली, खाऊनही वाळायला लागली. ही लक्षणं मुखरूने घरात आधी पाहिली होती. त्याने ऊर्जानगरला राहणाऱ्या लेकीला, रंजीताला, फोन केला. ती येऊन झिंगीला पिशवीत घालून घेऊन गेली आणि चंद्रपूरच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आली. निदान मुखरूचंच खरं ठरलं. बिस्किट बंद, दूधभात बंद. मासळी आणि अंडं, आणि सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. बाटली ठेवायला घरी फ्रिज नव्हता, म्हणून ती किराणा दुकानातल्या फ्रिजमध्ये थंड पेयांच्या मागे जाऊन बसली.

झिंगी सुधारली. अंगाला मांस आलं, पाणी पिणं कमी झालं, मासळीशीही तिने निमूटपणे जुळवून घेतलं. थंडी सरता सरता मुखरू तिला स्वतः घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी रक्त तपासलं आणि हसून म्हणाल्या, "बाबा, आता इन्सुलिन बंद."

हेच शब्द मुखरूने एकदा ऐकले होते. कमळाला मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा एका सकाळी तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, इन्सुलिन बंद करतोय. मुखरूला वाटलं, बायको बरी झाली. तो हरखून गावी आला, भेटेल त्याला सांगत सुटला, सुई सुटली म्हणून गूळ वाटला. दवाखान्यात परत गेला तेव्हा त्याला कळलं की कमळाच्या पोटात अन्नच जात नव्हतं, मूत्रपिंडं थकली होती, म्हणून सुई थांबवली होती. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. गुळाचं आठवलं की आजही त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. मांजराचं कधीकधी असं होतं, खाणं सुधारलं की शरीर पुन्हा आपलं आपण काम करू लागतं. मात्र साखर बघत राहायची. सकाळी उपाशीपोटी, कानाच्या कडेला बारीक टोचून. आकडा लागोपाठ तीनशेच्या वर गेला तर कळवा, सुई पुन्हा चालू करू. "पण साखर बरोबर असताना सुई देऊ नका हं बाबा. जीव जाईल तिचा." मुखरूने मान डोलावली. मनातून त्याचा एका शब्दावरही विश्वास बसला नव्हता.

सुरुवातीला आकडे सरळ आले. शंभराच्या मागेपुढे. मुखरू रोज आकडा बघायचा आणि रोज बुचकळ्यात पडायचा, की हे चांगलं म्हणायचं की कमळासारखं? मग मोहाची फुलं पडायला लागली आणि सगळंच बिघडलं.

मोहाच्या दिवसांत आमच्याकडे माणूस अंथरुणात उजाडू देत नाही. फुलं पहाटे गळतात. उशीर केला की गुरं खातात, नाहीतर अस्वल. मुखरूची चार झाडं जंगलाच्या कडेला. टोपलीभर फुलं वेचून तो परत यायचा तर झिंगी भुकेने दारात आरडत असायची. मोहाला ओला हात लागला की फूल काळं पडतं, म्हणून फुलं अंगणात वाळत घालून होईपर्यंत वेचणारा हात धूत नाही, गमछ्याला पुसतो. आणि झिंगीला तेवढा धीर नसायचा. मग मुखरू टोपली खाली ठेवायचा, हात पुसायचा, तिचा कान चिमटीत धरून टोचायचा, थेंब पट्टीला लावायचा.

पहिल्याच दिवशी तीनशे ऐंशी!

दुसऱ्या दिवशी मच्छीमार सोसायटीची जाळं ओढायची पाळी होती. मुखरू तलावावरून आला, कान टोचला, तर शंभराच्याही खाली. पुन्हा मोह वेचला, पुन्हा तीनशेच्या वर. मुखरूचं डोकं चक्रावलं. मांजर तीच, मासळी तीच, यंत्र तेच. मग साखर येते कुठून आणि जाते कुठे? त्याने हजार तर्क लढवले. तलावावरून आलं की अंगाला मासळीचा वास येतो, त्या वासानेच हिची साखर उतरत असेल काय? की जंगलात जातो म्हणून ही रागावते, आणि राग अंगात चढतो? शेजारची सोमारी आपल्या अंगणात मोह पसरवता पसरवता म्हणाली, "नजर लागली असन, भाऊ. इतकी गुबगुबीत झाली, मानसं पाहून राह्यली ना तिले." मुखरूचा नजरेवर विश्वास नव्हता, तरी त्याने झिंगीवरून मीठमिरची उतरवून टाकली. आकड्यात काडीचा फरक पडला नाही.

रंजीताला फोन केला तर तिने भलताच संशय घेतला.

"बाबा, खरं सांग. बिस्किट देऊन राह्यला ना तिले?"

"नाई माय. तुही शपथ."

"मंग साखर काय हवेतून येते? आईलेबी तू असाच चोरून गुलाबजाम देत होता."

हे मात्र खरं होतं. पण या वेळी मुखरूने खरोखर काही दिलं नव्हतं, आणि आपल्याच लेकीला ते पटत नाही याचं त्याला फार वाईट वाटलं. ओळीने तीन सकाळी मोहाच्या गेल्या आणि तिन्ही आकडे तीनशेवर. रंजीताने डॉक्टरीणबाईंना विचारून निरोप दिला: उद्याही तीनशेच्या वर आली तर आधीच्या निम्मी सुई द्या.

मुखरूच्या मनात एकच घोळत राहिलं. आपण म्हणतच होतो. सुई बंद म्हणजे बरी नाही.

दुसऱ्या दिवशी मोहावरून येताना त्याने किराणा दुकानातून बाटली आणली. आकडा वर येणार हे ठाऊकच होतं, म्हणून सुई आधीच भरून पाटावर ठेवली. झिंगीला मांडीत घेतलं, कान धरला. आज काय बिनसलं कोण जाणे, टोचायच्या क्षणी तिने मान झटकली आणि टोचणी मुखरूच्याच अंगठ्यात घुसली. रक्ताचा टपोरा थेंब आला, आणि गडबडीत यंत्राच्या पट्टीने तोच शोषून घेतला. यंत्र वाजलं. पाचशे चाळीस.

"अरे बापरे!" मुखरू ओरडला. त्याने भरलेली सुई उचलली, झिंगीच्या मानेची कातडी चिमटीत वर ओढली. सुईचं टोक केसांत शिरलं होतं. तेवढ्यात त्याला दिसलं की तिचा कान कोरडा आहे. टोचलंच नाही. मग हे रक्त कोणाचं?

आपलं! पाचशे चाळीस आपल्याला?

त्याने सुई पाटावर ठेवली. आपल्याला साखर झाली, आणि इतकी की आता आपणच चाललो. मग झिंगीचं कोण बघेल? अंगठ्यातून रक्त येतच होतं, म्हणून लहान पोरासारखा त्याने तो तोंडात घातला.

अंगठा गोड लागला.

मुखरूने तो बाहेर काढून बघितला, पुन्हा चोखला. गोड. मोहाचा गोड. दुसऱ्या हाताची बोटं चाटली, तीही गोड. मग उठून रांजणाजवळ गेला, राखेने हात घासले, धुतले, पुन्हा धुतले. नवी पट्टी लावून आपलाच अंगठा दाबला, तर आकडा नव्वदीत. ओल्या फडक्याने झिंगीचा कान पुसला, टोचला. एकशे दोन.

पाटावर भरलेली सुई होती. एकशे दोन साखर असलेल्या मांजरीच्या कातडीपाशी हीच सुई आत्ता टेकली होती. मुखरूने सुई उचलून औषध मातीत पिचकारलं आणि झिंगीला छातीशी इतकं आवळलं की ती गुरगुरली.

पलीकडे सोमारी कमरेवर हात ठेवून उभी होती. "काय झालं भाऊ? गेली काय मांजर?"

"नाई, सोमारीबाई. बरी झाली. खरंच बरी झाली. सुई बंद करा म्हनलं तं त्याचा अर्थ बरी झाली, असाच होता."

"मंग रडून काऊन राह्यले?"

मुखरूने गालाला हात लावून बघितला. गाल ओला होता.

"मले तरी कुठी समजते, बाई," तो म्हणाला. "सुई बंद झाल्यावर वाचलेलं कोनी मी आजच पाह्यलो."