तापाला नवं घर

आमच्या रनाळे गावाला पाळीचा ताप कधी येणार, हे सगळ्यांना ठाऊक असे. एक दिवस आड, दुपार कलली की तो हजर. आधी दात वाजायचे, मग अंगाची भट्टी, मग घाम. आणि दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा चुलीपाशी. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. मी पहिलटकरीण होते.

सासूबाई तापाच्या पाळीच्या दिवशी मला चुलतसासूच्या घरी नेऊन बसवायच्या. ताप आपल्या दारी येतो, माणूस सापडलं नाही की माघारी फिरतो, असा गावाचा भरवसा. तिथे कणगीच्या आडोशाला बसायचं, माझं नाव कुणी घ्यायचं नाही. मला मनस्वी राग यायचा. पण थंडी भरली की राग कुठल्या कुठे जायचा. कणगीतली बाजरी सळसळतेय, मी तापीच्या पाण्यावर तरंगतेय, खाली एक बाळ डोळे मिटून पडलंय, असं काहीबाही दिसायचं. हात लांबवला की पाणी तापायचं. शुद्धीवर आले की आधी पोट चाचपायचे. ते हललं, की मग प्यायला पाणी मागायचे.

एकदा ते हललंच नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीच गाडी जुंपायला लावली आणि मला नंदुरबारच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "जीव आहे," ते म्हणाले, "पण हा ताप असाच राहिला, तर नाही राहायचा."

मग त्यांनी माझ्या बोटाचं रक्त काचेवर घेतलं, रंगवलं आणि सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतून आम्हा दोघींना दाखवलं. बत्ताशांसारख्या गुलाबी चकत्या, आणि एकीच्या पोटात कानात घालतात तशी बारीक निळी बाळी, तिला लाल खडा. किती सुंदर, असंच माझ्या मनात आलं. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

"हा जंतू रक्ताच्या लाल कणात राहतो," डॉक्टर म्हणाले. "आतलं खातो, एकाचे अनेक होतात. मग कण फुटतो, तेव्हा थंडी वाजते. बाहेर पडलेला प्रत्येक जण नवं घर शोधतो. कणाला चिकटतो आणि आत जातो. शिरतो कसा, ते मात्र अजून कुणाला नीट दिसलेलं नाही."

क्विनाइनच्या गोळ्या घेऊन निघालो. "तो माझ्या आतच बसलाय, आणि तुम्ही मला लपवताय," मी गाडीत फणकारले.

गोळ्या सुरू झाल्या, तरी पाळीला त्यांनी मला चुलतसासूकडे धाडलंच. ऊन कललं, पण थंडी काही येईना. मी तशीच उठून घरी आले. बाजेवर माझं लुगडं नेसून, डोक्यावरून गोधडी घेऊन सासूबाई पडल्या होत्या. घामानं निथळत होत्या.

"हे काय?" मी विचारलं.

"डाक्टर सांगे ना, बाहेर निंघना का तो नवं घर धुंडस," त्या आतूनच म्हणाल्या. "तुन्हा पोटमा लेकरू शे. मी रिकामं घर शे. तू जाय आते."

मी गोधडी ओढली, त्यांनी ती घट्ट धरली. काचेतलं सगळं डोळ्यांनी पाहून आले होते, तरी मला भीती वाटली, तो आता खरंच त्यांच्यात शिरेल म्हणून.