सात नंबरची टाकी

डोलोरेस कामिलेरीने एकतीस वर्षं धातूवर धातू चढवला. ऑस्ट्रेलियातल्या मकायच्या साखर कारखान्यांतल्या पंपांचे झिजलेले दांडे तिच्या शेडमध्ये येत, निकेलचं नवं कातडं घेऊन परत जात आणि गळीत हंगाम संपला की पुन्हा झिजून दारात हजर. उसाच्या रसात येणारी वाळू कुणालाच सोडत नाही.

डोलोरेसचा हट्ट एकच, की एकदा गेलेला दांडा दुसऱ्या वर्षी परत येऊ नये. म्हणून सात नंबरच्या टाकीत तिने निकेलला कोबाल्टची जोड दिली आणि वर सिलिकॉन कार्बाइडची पूड सोडली, डोळ्याला न दिसणाऱ्या कणांची. करंट चालू झाला की दोन्ही धातू दांड्यावर बसतात आणि कण त्यांच्यात गाडले जातात. पाणी फार ढवळलं तर कण वाहून जातात, कमी ढवळलं तर तळाशी बसतात. नऊ वर्षं तिने ही टाकी लेकरासारखी सांभाळली. बाकीच्यांनी तिला वेड्यात काढून झालं होतं.

हंगामाच्या तोंडावर, मे महिन्यात, कारखान्याने तीन दांडे पाठवले. पहिल्यावर थर चढवून तो पक्का बसला का पाहायला छिन्नी लावली आणि वरच्या टोकाचं कातडं पापडासारखं सुटलं. दुसऱ्याचंही तेच. शेडचा मालक ट्रॉय, वयाने तिच्या मुलाएवढा, त्याने हात टेकले.

"डॉली, पुरे झाले तुझे प्रयोग. तिसराही सुटला, तर सात नंबर रिकामी करणार मी."

"पूड बिघडलीय म्हणतोस?"

"नाहीतर काय, तुझी नजर लागली टाकीला?"

"माझी नजर लागत असती ना, तर तुझ्या डोक्यावर एवढे तरी केस उरले असते का?"

ती हसली आणि तिसरा दांडा साफ करायला वळली.

थर चढवण्याआधी साफ केलेल्या दांड्यावर पाणी ओतायचं. ते अखंड पसरलं तर दांडा स्वच्छ, फाटून थेंब झाले तर तेलकट. पहिले दोन्ही दांडे या परीक्षेत पास झाले होते. तिसरा तिने टाकीत सोडायच्या साखळीला लावून गरम टाकीवर थोडा वेळ टांगला आणि तिथेच पुन्हा पाणी ओतलं. वरच्या टोकाला पाणी फाटलं. तिने मान वर केली. साखळी तुकतुकीत चमकत होती.

इकडे खाऱ्या वाऱ्यापायी गेटपासून गवत कापायच्या यंत्रापर्यंत सगळ्या लोखंडावर मेंढीच्या लोकरीच्या तेलाचा फवारा मारतात. साखळीवर तो तिनेच मारला होता, सवयीच्या हाताने. वाफेने तेल पाघळून दांड्यावर उतरत होतं.

गप्प राहिली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. दहाच्या चहाला ती सगळ्यांसमोर उभी राहिली.

"पूड चांगली आहे, टाकीही चांगली आहे. साखळीला तेल मी लावलं. चूक माझी."

"एकतीस वर्षांनंतर?" ट्रॉय म्हणाला.

"हो, एकतीस वर्षांनंतर. आता ऊठ आणि कोरडी साखळी आण."

तिन्ही दांड्यांवर तिने नव्याने थर चढवला. छिन्नी ट्रॉयने स्वतः मारली, चांगली इरेला पेटून. छिन्नीचं तोंड बोथट झालं.

डिसेंबरात कारखान्याचा ट्रक झिजलेला माल घेऊन आला. डोलोरेस स्वतः वर चढली. एकेक दांडा सरकवून तिने त्यावरचा नंबर पाहिला. मग सगळे पुन्हा एकदा पाहिले.

"काय हरवलं गं?" ड्रायव्हरने विचारलं.

ट्रकवर ताठ उभी राहून तिने रस्त्यापलीकडच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली, "ट्रॉय, तीन कमी आहेत!"