चीफ, आणि मी केलेली यादी

माणूस भेटला की चीफ आधी त्याच्यातला बिघाड सांगत. नमस्कार वगैरे नंतर, वेळ उरला तर. आमची पहिली भेट सिंगापुरात, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. मी हात जोडले, तर म्हणाले, "उजवा बूट आतून झिजलाय. कलता तुम्ही चालताना." बोटींवर चीफ इंजिनिअर म्हणून सारा जन्म इंजिनं ऐकण्यात गेलेला, नंतर तुआसच्या यार्डात बोटींच्या दुरुस्तीची कामं बघायला लागले, तरी कान तेच. मी रॅफल्स प्लेसच्या बँकेत कॉम्प्युटरवर बसतो कळल्यावर त्यांनी माझं बारसंच केलं. "अहो कॉम्प्युटर." त्यात कौतुकाचा अंश नव्हता.

मीही काही कमी नव्हतो. ते ज्याला हो म्हणतील त्याला नाही म्हणायचं, एवढंच माझं मंडळातलं कार्य होतं.

त्यात गोल्फ आलं. चीफच्या जुन्या बोटीवर इंजिनाला तेलपाणी करणारा ऑइलर जनार्दन, गुहागरकडचा. इंजिनरूममधल्या अपघातात त्याचा पाय गुडघ्यापासून गेला होता. तो चीफच्या बुओना व्हिस्टाच्या फ्लॅटवर राहत होता. त्याला कृत्रिम पाय हवा होता. यार्डाचा चिनी मालक, ज्याला सगळे टौके, म्हणजे शेठ, म्हणत, गोल्फवेडा. मदतीसाठी गोल्फचा दिवस ठेवा, चौघाचौघांचे नऊ गट करा, नऊच्या नऊ गटांनी अठरा होल पुरे केले की पायाचा खर्च माझा, असं तो म्हणाला.

मी मंडळाचा सचिव. गोल्फ मी टीव्हीवरसुद्धा पाहिलं नव्हतं. सराव करायला गेलो, तर चेंडू जागीच आणि ताटलीएवढं गवत हवेत. चीफ मागे उभे. "बटाटे निघाले का?"

खरी जुंपली ती चीफच्या घरी, गटांच्या क्रमावरून. सगळे एकाच ठिकाणाहून, एकामागून एक सुटतात. चीफ म्हणाले, "हळू चालणारे शेवटी. बंदरात हळू बोट पुढे घातली की मागच्या सगळ्या अडकतात."

"चीफ, हे बंदर नाही. वडीलधाऱ्यांना मागे ठेवायची आपल्यात पद्धत नाही."

"पंगत वाढताय का?"

"मानपान सांभाळतोय. सचिव मी आहे."

जनार्दन सोफ्यावरून, कुबड्या मांडीवर घेऊन ऐकत होता. वहिनींनी पोहे आणले, ते आम्ही एकमेकांकडे न बघता खाल्ले. यादी मी केली. पहिल्या गटात मंडळाचे संस्थापक आणि त्यांचे तीन समवयस्क. टौके आठवा. चीफ नववे, म्हणजे अगदी शेवटी. ती जागा मी मन लावून निवडली होती.

गोल्फच्या दिवशी संस्थापकांनी पहिला होल तब्येतीत खेळला. प्रत्येक फटक्याआधी चर्चा, नंतर पाणी. मागे आठ गट उन्हात छत्र्या उघडून उभे. दुपारी आभाळ भरून आलं, विजेचा इशारा देणारा भोंगा वाजला आणि क्लबनं मैदान रिकामं केलं. अठरा होल एकाही गटाचे झाले नव्हते.

टौके भिजून आत आला आणि सिंगापुरी हेलात ओरडला. "ही यादी कोणी केली, हां? मी इथे उभं राहायला आलो, लाह?"

मी यादी खिशात सारली. तेवढ्यात मागून आवाज आला. "मी."

"चीफ? तू?"

"चुकलं माझं. उरलेले होल पुढच्या रविवारी, सकाळी सातला. तुम्ही पहिले."

टौकेनं घड्याळावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "सात म्हणजे सात."

मी आभार मानायला गेलो, तर चीफ मोजे पिळत होते. "तुमच्यासाठी नाही केलं. तुमच्याशी तो भांडत बसला असता, आणि तुम्हाला वाद आवरता येत नाही. हाही एक बिघाडच."

त्या रविवारची यादी त्यांनी केली. संस्थापक शेवटी गेले आणि मजेत खेळले. मागून कोणी घाई करत नव्हतं. माझं नाव यादीत नव्हतं. मी चीफची बॅग वाहिली. दुपारच्या आत नऊही गट परतले. टौकेनं शब्द पाळला.

जनार्दननं नव्या पायावर पहिली फेरी मारली ती चीफच्या बैठकीत. सगळ्यांचे डोळे ओले, चीफचे मिटलेले. ते ऐकत होते. "घोट्याकडे कुरकुरतंय. परत दाखव."

पुढे दोनेक वर्षांनी चीफ कायमचे रत्नागिरीला निघाले. तोवर त्यांचे स्वतःचे गुडघे गेले होते. जनार्दन आता यार्डाच्या स्टोअरमध्ये कामाला होता. आम्ही दोघं चांगी विमानतळावर पोचवायला गेलो. वहिनी ट्रॉली घेऊन पुढे. मी चीफचा हात धरायला गेलो, तर त्यांनी तो झटकला आणि जनार्दनच्या खांद्यावर ठेवला.

"तुम्ही व्हा पुढे, कॉम्प्युटर. हळू चालणारे शेवटी."

मी निमूट पुढे झालो. त्यांचं ऐकायची ती माझी पहिलीच वेळ. मागून दोघांची पावलं येत होती, एक कुरकुरणारं, एक घासत. मी वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं चीफचा आवाज आला.

"अजून कलताय."