बायकांच्या घाटावरचे बाक

समोर कृष्णेसारखी नदी वाहत असताना तिच्या काठावर सिमेंटचं कारंजं बसवणाऱ्यांची अक्कल काय वर्णावी! सत्तरच्या दशकात आमच्या सांगलीत हे घडलं. लोकांनी नदीवर फिरायला यावं, चार घटका मोकळी हवा खावी म्हणून काठावर बाग करायचं ठरलं. गावातला नाला सरळ नदीत पडत होता, त्याला कुणी हात लावला नाही. कठड्याला मात्र दोनदा रंग दिला.

बाक मांडले ते नेमके बायकांच्या घाटाच्या डोक्यावर. हा घाट वळणाआड होता. दुपारचे पुरुष तिकडे फिरकत नसत, गावाची रीतच होती तशी. धुणं आटोपलं की बायका पदर खोचून पाण्यात उतरायच्या. माझी आई त्यांच्यातली पट्टीची पोहणारी. घरात दबक्या आवाजात बोलणारी आई पाण्यात गेली की मोठ्यानं हसायची. त्या उन्हाळ्यात ती मला पोहायला शिकवत होती. पाठीला सुके भोपळे बांधून मी हातपाय मारायची आणि निम्मी नदी पिऊन घरी यायची.

बाग उघडली. गावातले रिकामटेकडे भडंगाचे पुडे घेऊन दुपारपासूनच बाकांवर ठाण मांडू लागले. नदीकडे कुणाचं लक्ष होतं! खाली ओल्या लुगड्यातल्या बायका दिसत होत्या ना. खाऊन झालं की तेलकट कागद आमच्याच पाण्यात. हळूहळू एकेक बाई यायची बंद झाली.

आई मला घेऊन आमच्या भागातल्या मेंबरांकडे गेली. ते पान चघळत ओसरीवर बसले होते.

"बाक थोडे पलीकडे सरकवा, एवढंच म्हणणं आहे," आई म्हणाली.

"आवं वैनी, बाग सगळ्यांसाठी हाय. तुमीबी या की! बाकावर बसा, नदी बगा."

नदी बघा म्हणे! रोज ती आरपार करणाऱ्या बाईला! पिंक टाकून ते हसले, त्या हसण्याची मला आजही किळस येते.

दुसऱ्या दिवशी आई हट्टानं घाटावर गेली. वरचे बाक भरलेले. मला पायरीवर बसवून ती पाण्यात उतरली आणि पलीकडच्या काठाला हात लावून परत आली. इतकं सुंदर पोहताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ती पायरीशी पोचली तेवढ्यात वर कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. नाटकवेडं गाव आमचं, एकानं तर चक्क 'वन्स मोअर' दिला.

आई गळाभर पाण्यात तशीच उभी राहिली, ते जातील म्हणून. ते कशाला जातात! शेवटी मी धुण्यातली चादर पसरून धरली आणि तिच्याआडून ती बाहेर आली.

आठवड्याभरात मेंबर स्वतः आमच्या घरी हजर. बागेसमोर नदीत बायकांच्या पोहण्याच्या शर्यती ठेवायचा त्यांचा बेत होता. "पब्लिक लय खूश हुईल बगा!" वडिलांनी त्यांना चहा दिला, वर हो हो म्हणून मानही हलवली. मला त्या दोघांचीही शिसारी आली.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मी आत जाऊन विचारलं, "मला पुन्हा कधी शिकवणार?"

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "शिकून पोहणार कुठं?"

कृष्णाकाठी जन्मले, वाढले. मला पोहता येत नाही.