दयाराम तांडेलांचा घुमणारा हॉल

मुरुडच्या कोळीवाड्यात दयाराम तांडेलांनी नवं घर बांधलं. थाटात उणं नको, म्हणून हॉलच्या भिंतींना छतापर्यंत टाइल्स लावल्या आणि त्यावर भलामोठा टीव्ही टांगला. गावच्या जेट्टीबद्दलच्या बैठकीत आपण मंत्र्यांना कसं झापलं, हे ते गावभर सांगत होते. ती बैठक बातम्यांत दाखवणार म्हटल्यावर त्यांनी अख्खी आळी गोळा केली.

बातम्या लागल्या, पण आवाज टाइल्सवर आपटून नुसता घुमू लागला.

"दया, हिरीत बसल्यावानी वाटतंय रं!" शेजारच्या शकूमावशी म्हणाल्या.

दयाराम बायकोवर खेकसले, "सखू, कायतरी कर! लोकांना माझं बोलणं ऐकू येया पायजे!"

सखुबाईंनी माळ्यावरच्या गोधड्या नि मासेमारीची जुनी जाळी काढली आणि बायकांच्या मदतीने पडद्यांच्या दांड्यांवर टाकली. जेट्टीची बातमी येईपर्यंत आवाज स्वच्छ झाला. टीव्हीवर दयाराम मंत्र्यांसमोर हात जोडून उभे होते. "सायेब, तुमी म्हनाल तसंच. आमचं कायपन म्हननं न्हाय."



"आता कसं बराबर ऐकू आलं," शकूमावशी म्हणाल्या.

दयाराम उठले आणि "कसला घाण वास मारतोय!" म्हणत जाळी ओढून काढू लागले.