घागर रांगेत, पोरगी वर्गात

आमच्या गुरुजींच्या डोक्याला टोपीपेक्षा चुंबळच जास्त शोभते, असं सगळं गाव म्हणायचं. कवठे महांकाळच्या पलीकडचं आमचं गाव, आणि दिवस बहात्तरच्या दुष्काळाचे. पाणी भरणं हे बायकांचं काम. गुरुजी मात्र शाळा सुटली की धोतर खोचून, चुंबळीवर घागर ठेवून निघत. पारावरची मंडळी विचारी, "काय गुरुजी, बाई रुसल्या व्हय?" गुरुजी घागर न हिंदकळू देता म्हणत, "रुसतील कशाला? तिघी लेकींच्या वेण्या घालत्यात. आन् पाणी काय मिशा बघून येतंय?"

टँकरच्या रांगेत घागर ठेवली की जागा धरली जाई. उभा दावा असला तरी कुणी दुसऱ्याची घागर मागं सारत नसे. पण टँकरचा भरवसा नव्हता, म्हणून प्रत्येक घरानं घागरीशेजारी आपली पोरगी बसवली होती. मी सातवीत होते. परीक्षा तोंडावर आली होती, आणि ती बुडाली की माझी शाळा कायमची संपणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

एक दिवस गुरुजीच रांगेपाशी आले. "घागर रांगेत, पोरगी वर्गात. टँकर दिसला की सोडतो पोरींना."

माझी आई, हौसाबाई, सगळ्यांत पुढं होती. "आवं गुरुजी, तुमी घंटा वाजवस्तवर पानी सपतंय. तुमच्या पुस्तकानं तहान भागंल व्हय?"

"तेबी खरंच," म्हणून गुरुजींनी कान खाजवला. हार कबूल करायला त्यांना कधी लाज वाटली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळा उचलून रांगेजवळच्या बाभळीला टेकवला, आणि तिथंच आमचा वर्ग सुरू झाला.

त्याच आठवड्यात त्यांनी मोठा घोळ घातला. टँकर आला तेव्हा आम्ही गणितात होतो. "तुमी सोडवा, मी भरतो," म्हणून ते एकटेच धावले. घागरी भरल्या, पण कुठली कुणाची हे कळेना. बायका आपली घागर पोच्यावरून ओळखत. गुरुजी तिच्यावर घातलेलं नाव वाचायला गेले. घागरी सगळ्या माहेरच्या, बहुतेकींवर नाव कुणाच्या मामाचं, कुणाच्या बापाचं. या गावात ती नावं कोण ओळखणार? घरोघर भलतीच घागर पोचली आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत भांडणं चालली. आईनं गुरुजींना चांगलंच फैलावर घेतलं. ते मात्र स्वतःवरच पोट धरून हसत होते.

दुसऱ्या दिवशी धडा तोच. प्रत्येकीनं आपल्या आईची घागर मोठ्यानं वाचायची. माझी पाळी आली. मी वाचलं, "चि. हौसाबाईस वडिलांकडून."

आई जवळ आली. "माजं नाव हाय त्यात?"

"हाय की."

"मला वाटलं, नुसतं आबाचंच आसंल. परत वाच."

मी परत वाचलं. आजोबा तिच्या लग्नानंतर लवकरच गेले होते. इतकी वर्षं ती घागर तिच्या कमरेवर होती आणि बापानं तिच्यावर लेकीचं नाव घालून घेतलंय हे तिला माहीत नव्हतं. तिनं एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. मग मला म्हणाली, "जा, फळ्याम्होरं बस. घागर मी सारते." मी सातवी पास झाले. आज मीही शाळेत शिकवते, आणि तिचं ते वाक्य मला माझ्या पदवीपेक्षा मोलाचं वाटतं.

उन्हाळ्यात गुरुजींची शिराळ्याला बदली झाली. आठवीची शाळा तालुक्याला, आणि माझं काय करायचं यावर आई अजून काही बोलत नव्हती. गुरुजी, बाई आणि तिघी लेकी एस.टी.पाशी आले, तर आई तीच घागर काठोकाठ भरून वाटेत उभी.

"हौसाबाई, आवं भरली घागर उन्हात कशाला आनली?"

"शकुन हाय. सुखानं जावा."

गुरुजी शकुन मानत नसत. "माझ्या शकुनाचं राहू द्या. पोरीचं काय ठरलं?"

"धाडते आठवीला," आई म्हणाली. "घागर रांगेत, पोरगी वर्गात. तुमीच म्हनला न्हवं?"

गुरुजींनी खाली वाकून ओंजळ पुढं केली. त्या अख्ख्या उन्हाळ्यात आईनं न मोजता पाणी ओतलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.